अंगठ्याच्या ठणक्याची कुळकथा

वाचकहो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी आरोग्यावरचा एखादा लेख असतो आणि तो बहुधा डॉक्टर मंडळी लिहितात. मी डॉक्टर नाही. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन रेल्वेच्या कॅरेज-वॅगन विभागात चाके, धुरा आणि बेअरिंग यांची निगा राखणारा माणूस आहे. पण माणसाचा सांधा म्हणजेही एक बेअरिंगच. त्यात वंगण आहे, घासणारे पृष्ठभाग आहेत आणि बाहेरचा कण आत शिरला तर तेही तापते. अशा एका कणाची, म्हणजे गाऊट या आजाराची, अडीच हजार वर्षांची हकीकत येथे सांगायची आहे. औषधाची चिठ्ठी डॉक्टरांनीच द्यावी. मी फक्त इतिहास सांगतो. तो सांगण्याचे कारण लेखात पुढे येईलच.

नावात काय आहे

आपल्याकडे कुठलाही सांधा दुखला की ‘वात झाला’ म्हणून मोकळे होतात. पण संधिवात, आमवात आणि गाऊट हे वेगवेगळे आजार आहेत. गाऊटची खूण म्हणजे त्याचा अवचित हल्ला. रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटेच्या सुमारास पायाच्या अंगठ्यातल्या ठणक्याने जागा होतो. अंगठ्याचे मूळ लाल होते, सुजते, तापते. आठ-पंधरा दिवसांत सगळे आपोआप ओसरते आणि काही महिन्यांनी पुन्हा उद्भवते.

प्राचीन ग्रीक लोकांनी या आजाराला ‘पोडाग्रा’ म्हटले, म्हणजे पायात अडकलेला सापळा. ख्रिस्तपूर्व पाचव्या-चौथ्या शतकातला वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावावरच्या ग्रंथांत या आजाराविषयी काही नेमकी निरीक्षणे आहेत. त्यांतले एक असे, की पाळी थांबेपर्यंत बायकांना हा आजार होत नाही. हे निरीक्षण आजही जवळजवळ खरे ठरते. स्त्रियांच्या शरीरातले इस्ट्रोजेन हे संप्रेरक यूरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करते आणि पाळी थांबल्यावर ती मदत संपते. रक्ततपासणी नाही, सूक्ष्मदर्शक नाही, केवळ डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या माणसाने हे टिपले होते.

‘गाऊट’ हा शब्द मात्र लॅटिन ‘गुट्टा’वरून आला. गुट्टा म्हणजे थेंब. शरीरातला दूषित रस थेंबथेंब सांध्यात गळतो, अशी मध्ययुगातल्या युरोपीय वैद्यांची समजूत होती. ही कल्पना चुकीची असली तरी अगदीच वाया गेलेली नव्हती. काहीतरी सांध्यात साचते, एवढे त्यांनी बरोबर ओळखले होते. काय साचते हे कळायला पुढची कित्येक शतके जावी लागली.

आपल्याकडचे वातरक्त

आयुर्वेदात या आजाराशी बरेच जुळणारे वर्णन ‘वातरक्त’ या नावाने आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्याला स्वतंत्र अध्याय आहे, तर सुश्रुताने त्याचा विचार वातव्याधींबरोबर केला आहे. हा आजार पायांच्या, क्वचित हातांच्या मुळाशी ठाण मांडतो आणि तेथून उंदराच्या विषासारखा अंगभर पसरतो, अशी उपमा सुश्रुताने दिली आहे. बाप्पाच्या वाहनाचा उल्लेख या आजाराच्या वर्णनात यावा, ही गंमतच.

वातरक्ताचे दुसरे नाव ‘आढ्यवात’. आढ्य म्हणजे धनवान. सुकुमार प्रकृतीची, बसून राहणारी, खाण्यापिण्यात चैन करणारी माणसे त्याला बळी पडतात, असे आपल्या ग्रंथकारांचेही मत होते. वातरक्त म्हणजे तंतोतंत आजचा गाऊट असे म्हणता येणार नाही, कारण त्या वर्णनात इतरही काही आजार मिसळलेले दिसतात. पण हजारो मैलांचे अंतर असलेल्या दोन संस्कृतींनी एकाच आजारावर श्रीमंतीचा शिक्का मारला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. हा शिक्का पुढे फार महागात पडला.

बादशहाचे बोट

आपल्याकडे ‘राजरोग’ म्हटले की क्षय आठवतो. युरोपात राजांचा रोग म्हणजे गाऊट. त्याचा सर्वांत नामांकित रुग्ण म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पाचवा चार्ल्स (१५००–१५५८). स्पेन, नेदरलँड्स, जर्मनीचा मोठा भाग, इटलीतले प्रदेश आणि अमेरिकेतल्या वसाहती इतका त्याचा पसारा होता. त्याला मांसाहार आणि बिअर अतिशय प्रिय होती. वैद्यांनी सांगूनही ती सुटली नाही. ऐन तिशीच्या आसपास सुरू झालेल्या दुखण्याने त्याला पुढे चालणे, घोड्यावर बसणे अवघड करून टाकले. १५५५-५६ मध्ये त्याने एकेक करून आपली राज्ये सोडली आणि युस्ते येथील मठात अखेरचे दिवस काढले.

त्याला खरोखरच गाऊट होता की दुसरा काही संधिविकार, हा प्रश्न साडेचारशे वर्षे अनुत्तरित होता. त्याच्या देहापासून वेगळे झालेले बोटाचे एक पेर जपून ठेवलेले होते. स्पेनमधल्या संशोधकांनी ते तपासले आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या पेरात यूरेटच्या स्फटिकांचे मोठे साठे होते आणि त्यांनी हाड पोखरून काढले होते. दरबारी वैद्यांचे निदान बरोबर निघाले.

सतराव्या-अठराव्या शतकात तर इंग्लंडमध्ये गाऊट ही जवळजवळ प्रतिष्ठेची खूण झाली. गाऊट झालेल्याला दुसरे मोठे आजार शिवत नाहीत, अशी समजूत होती. थॉमस सिडनहॅम (१६२४–१६८९) हा लंडनचा नामवंत वैद्य स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ गाऊटने पिडलेला होता. १६८३ मध्ये त्याने या आजारावर लिहिलेले प्रकरण आजही वैद्यकाचे विद्यार्थी वाचतात. अंगावरच्या पांघरुणाचा भार किंवा खोलीत कोणी चालल्याचा हादरा, दोन्ही सहन होत नाही, हे त्याने अनुभवाने लिहिले. हा आजार मूर्खांपेक्षा शहाण्यांना अधिक गाठतो, अशी स्वतःची समजूतही त्याने घालून घेतली. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८० मध्ये स्वतः आणि गाऊट यांच्यातला एक विनोदी संवाद लिहिला. इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याने १७९९ मध्ये सुजलेल्या पायाचा चावा घेणारा काळा राक्षस रंगवला. एकूण काय, तर हा आजार चेष्टेचा आणि चैनीचा विषय झाला.

खडीसाखरेसारखे स्फटिक

आता खऱ्या शोधाकडे वळू. १६७९ मध्ये हॉलंडचा लेवेनहूक याने गाऊटच्या रुग्णाच्या गाठीतून निघालेला खडूसारखा पांढरा पदार्थ आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला दोन्ही टोकांना निमुळते, सुईसारखे कण दिसले. ते काय आहेत हे सांगणारे रसायनशास्त्र अजून जन्माला यायचे होते.

१७७६ मध्ये स्वीडनच्या शीले याने मूतखड्यातून एक नवे आम्ल वेगळे केले. तेच यूरिक ॲसिड. १७९७ मध्ये इंग्लंडच्या वोलास्टन याने दाखवले, की गाऊटच्या गाठींतही याच आम्लाचा क्षार असतो. म्हणजे लेवेनहूकच्या सुयांना शंभरावर वर्षांनी नाव मिळाले.

निर्णायक पाऊल टाकले ते लंडनच्या आल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड यांनी. १८४८ मध्ये त्यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक ॲसिड वाढलेले असते हे सिद्ध केले. पुढे १८५४ मध्ये त्यांनी एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. रक्त साकळल्यावर वर राहणारा पातळ द्रव एका उथळ काचपात्रात घ्यायचा, त्यात थोडे ॲसेटिक ॲसिड घालायचे, एक दोरा बुडवून ठेवायचा आणि दोन-तीन दिवस पात्राला हात लावायचा नाही. यूरिक ॲसिड पुरेसे असेल तर दोऱ्यावर स्फटिक जमतात. दोऱ्यावरची खडीसाखर ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे चित्र काढून दाखवायची गरज नाही. रोगाचे मूळ रक्तातल्या एका रसायनात आहे, हे रुग्णशय्येजवळ दाखवून देणाऱ्या पहिल्या चाचण्यांत हिची गणना होते.

गॅरॉड यांनी आणखी एक गोष्ट ठामपणे मांडली. यूरेट सांध्यात साचते म्हणून सूज येते, सूज येते म्हणून यूरेट साचत नाही. कारण कुठले आणि परिणाम कुठला, हे ठरवणे बिघाड शोधणाऱ्या कोणत्याही माणसाच्या कामाचा गाभा असते. आमच्याकडेही गरम झालेले बेअरिंग पाहून ग्रीस संपले म्हणून ते तापले, की तापले म्हणून ग्रीस वाहून गेले, हे आधी ठरवावे लागते. नाहीतर पुढच्या फेरीत तेच बेअरिंग पुन्हा तापते.

शिसे आणि शेंदूर

गॅरॉड यांच्या रुग्णालयातल्या रुग्णांत एक विचित्र गोष्ट होती. राजांच्या रोगाने पछाडलेले हे लोक राजे नव्हते. त्यांत नळकाम करणारे आणि रंगारी बरेच होते. या दोन्ही धंद्यांत तेव्हा शिशाशी रोजचा संबंध येई. नळ शिशाचे, रंगातला सफेदा शिशाचा. शरीरात गेलेले शिसे मूत्रपिंडाला इजा करते आणि यूरिक ॲसिड बाहेर टाकण्याची त्याची ताकद कमी करते. त्यामुळे गाऊट होतो. शिशामुळे होणाऱ्या गाऊटला वैद्यकात वेगळे नावही आहे.

हा धागा हाती लागल्यावर जुन्या श्रीमंतांच्या आजाराकडेही नव्याने पाहता आले. रोमन लोक द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यात आटवून त्याचा गोड पाक मद्यात घालत. १७६७ मध्ये डॉ. जॉर्ज बेकर यांनी दाखवून दिले, की इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात सफरचंदाचे मद्य पिणाऱ्यांना होणारा पोटशूळ रस काढण्याच्या यंत्रांतल्या शिशामुळे होतो. म्हणजे पेल्यातल्या मद्याबरोबर त्यातले शिसेही त्या काळच्या गाऊटला हातभार लावत असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. जुन्या काळी पोलादी पुलांच्या गर्डरांना गंज लागू नये म्हणून पहिला हात तांबड्या शिशाच्या रंगाचा देत. आपल्या देवळांतल्या मूर्तींवर चढणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे तेच शिशाचे तांबडे संयुग. मूर्तीवर तो शोभतो, पण त्याचा कण पोटात किंवा श्वासात जाऊ देऊ नये. ज्या सहकाऱ्यांना जुना रंग खरवडण्याचे किंवा बॅटऱ्यांचे काम पडते, त्यांनी तोंडावर मास्क आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हा सोपस्कार समजू नये.

बॉयलरमधला खार

यूरिक ॲसिड येते कुठून? शरीरातल्या पेशी सतत मरतात आणि नव्या बनतात. पेशींच्या केंद्रातले प्यूरिन नावाचे घटक मोडले की शेवटी यूरिक ॲसिड उरते. थोडा भाग अन्नातून येतो, पण बराच मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते. त्यातले सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडावाटे आणि उरलेले आतड्यावाटे बाहेर जाते.

बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिकेज नावाचे एक विकर असते. ते यूरिक ॲसिडचे पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करते. माणसाच्या आणि मोठ्या वानरांच्या पूर्वजांत साधारण दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी या विकराचे जनुक निकामी झाले. म्हणून कुत्र्यामांजरांच्या मानाने आपल्या रक्तात यूरिक ॲसिड किती तरी जास्त असते. पक्षी तर नत्राचा सगळा कचरा यूरिक ॲसिडच्याच रूपात टाकतात. फलाटावरच्या कबुतरांच्या शिटेतला पांढरा भाग तोच, आणि तो डब्यांवरून धुऊन काढणे किती जिकिरीचे हे आमच्या लोकांना विचारा! १९९७ मध्ये तर टायरॅनोसॉरस या महाकाय डायनासोरच्या हाताच्या हाडांवरही गाऊटसारख्या खुणा आढळल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले.

यूरेट रक्तात विरघळून राहण्याला मर्यादा आहे. ३७ अंश सेल्सियसला ती दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम आहे. तापमान उतरले की मर्यादाही उतरते आणि ३० अंशांना साधारण ४.५ वर येते. पायाचा अंगठा हृदयापासून सर्वांत दूर आणि म्हणून सर्वांत थंड. स्फटिक तेथेच का धरतात याचे एक मोठे कारण हे.

वाफेच्या इंजिनांवर काम केलेल्या ज्येष्ठांना बॉयलरमधला खार आठवत असेल. कठीण पाण्यातले क्षार नळ्यांवर थरावर थर चढवत जात आणि ठरावीक दिवसांनी बॉयलर धुऊन काढावा लागे. तिथे पाणी तापल्याने क्षार साचत, इथे सांधा थंड असल्याने यूरेट साचते. फरक एवढाच, तत्त्व एकच. मर्यादेपेक्षा जास्त विरघळवले तर जास्तीचे खाली बसणारच. आणि बॉयलरप्रमाणेच इथेही बऱ्याचदा दोष आत येणाऱ्या मालाचा नसतो, बाहेर टाकणाऱ्या वाटेचा असतो. गाऊटच्या बहुसंख्य रुग्णांत यूरिक ॲसिड जास्त बनत नाही, मूत्रपिंडावाटे कमी बाहेर जाते.

स्वतःच्या गुडघ्यावर प्रयोग

गॅरॉड यांचे म्हणणे सिद्ध व्हायला शंभर वर्षे लागली. १८९९ मध्ये फ्रॉयडवायलर या संशोधकाने यूरेटचे स्फटिक टोचले तर सूज येते हे दाखवले होते, पण ते काम विस्मरणात गेले. १९६१ मध्ये अमेरिकेत डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने सुजलेल्या सांध्यातल्या द्रवात यूरेटच्या सुया प्रत्यक्ष दाखवल्या. पुढच्याच वर्षी मॅकार्टी आणि फेअर्स या दोघांनी हे स्फटिक स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले. व्हायचे तेच झाले. गुडघे गाऊटसारखेच सुजले, ठणकले. कारण कुठले हा प्रश्न त्या दिवशी मिटला.

२००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी पुढचा दुवा जोडला. शरीराच्या संरक्षक पेशी हे स्फटिक गिळतात तेव्हा त्यांच्यातली धोक्याची घंटा वाजवणारी एक यंत्रणा चालू होते आणि सूज पेटते. एकदा पेटलेली ही यंत्रणा काही दिवसांनी स्वतःच शमते. म्हणूनच शतकानुशतके कुठल्याही बाबाबुवाचा लेप ‘गुण देतो’ असे वाटत आले. लेप लावा अगर न लावा, पंधरवड्यात सूज उतरणारच होती!

सुरंजानपासून आजपर्यंत

मात्र एक जुने औषध खरोखर गुणकारी निघाले. सहाव्या शतकात त्रालेसच्या अलेक्झांडर या बायझंटाईन वैद्याने कोल्चिकम जातीच्या वनस्पतीचा कंद गाऊटवर वापरला. युनानी वैद्यकात त्याच कुळातला कंद ‘सुरंजान’ म्हणून ओळखला जातो आणि त्याची एक जात काश्मीरच्या बाजूला उगवते. हा कंद विषारी आहे, म्हणून युरोपात तो बराच काळ मागे पडला. १७६३ मध्ये व्हिएन्नाच्या स्टोर्क यांनी तो पुन्हा वैद्यकात आणला. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी त्यातले द्रव्य वेगळे केले. तेच आजचे कोल्चिसीन. गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत अंतर थोडे असल्याने ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायचे औषध नव्हे.

पण कोल्चिसीन म्हणजे आगीवर पाणी. आगच लागू नये यासाठी यूरिक ॲसिड बनणे कमी करणारे औषध हवे होते. ते सापडले कर्करोगाच्या संशोधनात. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज हे अमेरिकेतल्या एका औषध कंपनीत रक्ताच्या कर्करोगावरचे एक औषध शरीरात जास्त वेळ टिकावे म्हणून खटपट करत होते. त्यासाठी तयार केलेल्या ॲलोप्युरिनॉल या पदार्थाने रुग्णांचे यूरिक ॲसिडही उतरू लागले. १९६६ मध्ये अमेरिकेत त्याला गाऊटसाठी परवानगी मिळाली. दोघांना १९८८ मध्ये, जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर, वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. एलियन यांच्याकडे एम.एस्सी. होती, पण डॉक्टरेट नव्हती. नोकरी सांभाळून संध्याकाळी सुरू केलेला तो अभ्यास पूर्ण वेळ देता येत नाही म्हणून त्यांना सोडावा लागला. माझ्यासारख्या पदविकाधारकाला ही गोष्ट वाचून दोन हात जास्त बळ येते, हे सांगायला संकोच कशाला!

शिक्का पुसायला हवा

आता या लेखाच्या मूळ कारणाकडे येतो. मला स्वतःला काही वर्षांपूर्वी हा आजार जडला. माझ्या वडिलांनाही होता. मी दारू पीत नाही, मांसाहार सणासुदीपुरता. तरीही अंगठा सुजलेला पाहिला की ओळखीतल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘काय साहेब, रोज किती घेता?’ मी हसून सोडून देतो. पण सगळ्यांना ते जमत नाही. आमच्या ओळखीतले एक निवृत्त काका, आयुष्यभर रुळांवर घाम गाळलेले, या एका प्रश्नाच्या लाजेने वर्षानुवर्षे डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. दुखले की दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणायच्या आणि कामावर जायचे. त्या गोळ्यांनी आणि न उपचारलेल्या आजाराने त्यांची मूत्रपिंडे खराब झाली. आज आठवड्यातून दोनदा त्यांचे डायलिसिस असते. ज्या माणसाने आयुष्यात चैन म्हणून काही पाहिले नाही, त्याला चैनीच्या रोगाच्या शिक्क्याने गाठले.

विज्ञान काय सांगते ते पाहा. खाण्यापिण्याचा संबंध नक्कीच आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ४७,१५० पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. त्यांत मांस आणि मासे-कोळंबी यांच्या अतिसेवनाने धोका वाढलेला दिसला, दूध-दह्याने कमी झालेला दिसला. प्यूरिन असलेल्या भाज्यांचा मात्र धोक्याशी संबंध आढळला नाही. तेव्हा पालक, टोमॅटो आणि वरणभात यांना घराबाहेर काढण्याचे कारण नाही. मद्यांत बिअर सर्वांत वाईट ठरली. २००८ मध्ये साखरेच्या शीतपेयांवरही ठपका आला.

पण २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या सोळा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असे दिसले, की रक्तातल्या यूरेटच्या पातळीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला एक टक्काही आहारातल्या कोणत्याही एका पदार्थाने समजत नाही. तेच आनुवंशिक भेदांनी त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा समजतो. आल्फ्रेड गॅरॉड यांचे चिरंजीव आर्चिबाल्ड यांनीच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरातल्या रासायनिक प्रक्रियांचे दोष जन्मजात असू शकतात ही कल्पना मांडली होती. बापाने रसायन दाखवले, मुलाने वारसा दाखवला. यांखेरीज मूत्रपिंडाचे आजार, लठ्ठपणा, रक्तदाबावरची काही लघवी वाढवणारी औषधे, उन्हात शरीरातले पाणी कमी होणे, अशी कारणे आहेतच. यांत कुठे आला माणसाचा चारित्र्यदोष?

म्हणून आपल्या मंडळींना चार गोष्टी आवर्जून सांगतो. एक, अवचित सुजलेला सांधा डॉक्टरांना दाखवा. ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा, कारण जंतुसंसर्गही असाच दिसतो. दोन, ऐन हल्ल्यात रक्तातले यूरिक ॲसिड ठीक दिसू शकते, तेव्हा एका अहवालावर निर्धास्त होऊ नका. आणि नुसते यूरिक ॲसिड वाढलेले, पण सांधा कधीच दुखला नाही, अशा प्रत्येकाला गाऊट असतो असेही नाही. तीन, यूरिक ॲसिड कमी करणारे औषध सुरू केल्यावर पहिले काही महिने जुने स्फटिक विरघळताना हल्ले येऊ शकतात. ‘औषधाने वाढले’ म्हणून ते परस्पर सोडू नका. पातळी सहसा ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवायची असते आणि ती गाठायला वेळ लागतो. मात्र अंगावर पुरळ उठले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाची गोळीही आपल्या मनाने बंद करू नका. चार, उन्हाळ्यात कामावर असताना पाणी पीत राहा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

आणि पाचवी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या हातातली आहे. कोणी लंगडत आरतीला आला, तर किती घेतोस असे विचारू नका. खुर्ची पुढे सरकवा आणि डॉक्टरांकडे जाऊन आलास का, एवढेच विचारा. महाप्रसादाच्या पंगतीत त्याच्या पानात उकडीचा एखादा मोदकही बिनदिक्कत वाढा. अडीच हजार वर्षे माणसांनी या आजाराला देवाचा कोप, श्रीमंतीचा तोरा आणि जिभेचे पाप ठरवले. तो सुईसारख्या एका स्फटिकाचा उपद्व्याप आहे आणि त्यावर स्वस्त, खात्रीचे औषध साठ वर्षांपासून उपलब्ध आहे. ते औषध लाजेपायी कोणाचे हुकू नये, एवढीच विघ्नहर्त्याचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!